करंगळीएवढी फट

कळंब-केज रस्त्यावरच्या एका फाट्यावरची, डिसेंबरातल्या संध्याकाळची ही गोष्ट. गोष्ट म्हणावी एवढी ती मोठीही नाही. टपरीपुढं नवाकोरा ट्रॅक्टर येऊन थांबला. सीटवरचं प्लास्टिक अजून निघालेलं नव्हतं, पुढच्या जाळीला दसऱ्याच्या झेंडूचा वाळका हार, मडगार्डवर दोन स्पीकर आणि मागं उसानं भरलेल्या दोन ट्रॉल्या. गाणं आधी बंद झालं म्हणून थांबता थांबता आलेले दोन आवाज ऐकू गेले. खट्. आणि जरा दम खाऊन, मागून, अजून एक खट्. चालवणारा स्वतः मालकच होता, पंचविशीतला. खाली उतरता उतरताच तो पन्नास एचपीचं कौतुक सांगायला लागला. बाकावर एक म्हातारे ड्रायव्हर बसले होते, उभं आयुष्य कारखान्याच्या वाटेवर गेलेले. त्यांनी कौतुक ऐकून घेतलं, आधी मागच्या ट्रॉलीच्या चाकाला दगड लावायला सांगितला, मग ट्रॅक्टर आणि पहिल्या ट्रॉलीच्या मधे वाकले आणि ट्रॉलीच्या दांडीच्या भोकात, तिला ट्रॅक्टरच्या हुकाला जोडणाऱ्या पिनेच्या बाजूला, करंगळी घालून बघितली. करंगळी आत गेली. "मालक, ही पिन कवाची?" "नवी हाय की मामा. ट्रॅक्टरसंगंच घेतली." मामा हात पुसत म्हणाले, "पिन नवी हाय. भोक जुनं हाय."

चहा झाला, माणसं पांगली. ते वाक्य मात्र डोक्यातून जाईना.

आपल्याकडं ट्रॅक्टर नवा घेतात, ट्रॉल्या बहुधा जुन्याच असतात. कुणाच्या तरी हंगाम सोडलेल्या, दोनदा रंग दिलेल्या, दांडीला तीन ठिकाणी वेल्डिंगची पट्टी मारलेल्या. नव्या इंजिनाची सगळी ताकद शेवटी जाते ती त्या जुन्या भोकातून. भोक सुरुवातीला गोल असतं. रोजच्या ओढाताणीनं ते लांबुळकं होत जातं, आणि पिनेला मधेच कंबर यायला लागते. कंबर आलेली पिन वरून दिसत नाही, कारण झिजलेला भाग नेमका भोकाच्या आत असतो. ती उपसून, चिंधीनं पुसून, उजेडात धरून बघावी लागते. पिन आणि भोक यांच्यात थोडी जागा लागतेच. रस्ता सपाट नसतो, रान तर नसतंच, दांडीला वरखाली आणि आडवं हलायला वाव नसेल तर हूकच मुरगळतो. पण जागा असणं वेगळं आणि करंगळी जाणं वेगळं. फट जेवढी मोठी तेवढा धक्का मोठा, कारण तेवढ्या अंतरात ट्रॉली वेग घेऊन पिनेवर आदळते. त्या धक्क्यानं फट अजून वाढते. अशा भोकाला वेल्डिंगनं भरून पुन्हा भोक पाडण्यापेक्षा दांडीचं पुढचं डोळंच, म्हणजे भोकाचं अख्खं टोक, नवं बसवून घेतलेलं बरं. आणि जिथं पट्टी मारली आहे तिथं चीर बहुधा वेल्डिंगवर नाही, वेल्डिंगच्या काठाला पडते. बघायचं ते तिथं.

आता त्या आवाजाबद्दल. ट्रॅक्टर ओढत असतो तेव्हा पिन भोकाच्या पुढच्या काठाला टेकलेली असते. ट्रॅक्टरचा वेग कमी झाला की मागचं वजन थांबायला तयार नसतं. ते पुढं सरकतं, आणि पिन भोकाच्या मागच्या काठाला जाऊन बसते. खट् वाजतं ते त्या क्षणी. म्हणजे तो आवाज नुसता लोखंडाचा नाही. आत्तापर्यंत ट्रॅक्टर ट्रॉलीला ओढत होता, आता ट्रॉली ट्रॅक्टरला ढकलते आहे, एवढी मोठी बातमी त्या एका खट्मधे असते. दोन ट्रॉल्या असल्या की बातमी दोन हप्त्यांत येते: आधी पहिली, मग दुसरी. निघतानाही असंच. पहिली ट्रॉली आधी हलते, ती जरा चालायला लागली की दुसरी. मालगाडीचे डबे सुटतात तसं. सगळं वजन एकदम उचलावं लागत नाही, म्हणून क्लचवरही ताण कमी येतो. मात्र त्यासाठी क्लच हळू सोडावा लागतो. दणका देऊन सोडला की तोच फायदा हातोड्याचा घाव होतो.

नवा मालक पुढं बघतो. एचपी पुढं असते, बोनेटवर लिहिलेली असते. खरं तर ओढण्याचं काम एचपीपेक्षा टायर आणि वजन करतं. दोन-सव्वादोन टनांचा ट्रॅक्टर, दोन रिकाम्या ट्रॉल्या आणि वीस टनांच्या आसपास ऊस धरला तर सगळा ताफा पंचवीस टनांच्या पुढं जातो. कागदावर एवढं बसत नाही, हे सगळ्यांना ठाऊक आहे, आणि हंगामात ते कुणी मोठ्यानं बोलत नाही. वीस फुटांना एक फूट अशा साध्या चढावरसुद्धा नुसत्या चढापोटी सव्वा टनाहून जास्त ओढ लागते, चाकांचा विरोध वेगळाच. ती ओढ जमिनीला चिकटून धरणार कोण, तर मागची दोन चाकं. म्हणून त्यांच्यावर वजन हवं. लोखंडी वजनं लावतात किंवा टायरात पाणी भरतात. व्हॉल्व्ह वर घेऊन पाऊण टायर भरायचं, उरलेल्या जागेत हवा. १४.९-२८ च्या एका टायरात दोनशे लिटरच्या आसपास पाणी बसतं. पूर्ण भरू नये, मग टायरला दबायला जागा राहत नाही आणि प्रत्येक खड्डा सरळ एक्सलवर जातो.

मागची ओढ वाढली की पुढचं हलकं होतं. ट्रॉली दोनचाकी असेल तर तिचा काही भार हुकावर येतो. तो मागच्या चाकांना धरून ठेवतो, पण नाकही उचलतो. चारचाकी ट्रॉलीचा भार हुकावर येत नाही, तिथं ट्रॅक्टरला आपल्याच वजनावर काम भागवावं लागतं. चढाला स्टिअरिंग हलकं लागायला लागलं की समजायचं, पुढची चाकं जमिनीवर नावापुरती आहेत. पुढं वजनाच्या पाट्या लावणं हा त्यावर उपाय, आणि हूक खाली ठेवणं हा त्याहून मोठा उपाय. ओढ मागच्या एक्सलच्या मधापेक्षा वरून लागली की ट्रॅक्टर मागच्या चाकांभोवती फिरतो. त्याला आमच्याकडं घोडा होणं म्हणतात. टॉप लिंकच्या, म्हणजे मागं अवजार धरणाऱ्या वरच्या दांड्याच्या, जागी साखळी अडकवून फसलेली गाडी ओढायला जाणारे असतातच. ट्रॅक्टर उलटायला लागतो तेव्हा क्लचवर पाय जाईपर्यंतचा वेळ मिळत नाही.

पिकअपचंही हेच गणित आहे, पण इकडं पिकअपच्या पाठीवर माल टाकतात, मागं काही जोडत नाहीत. बंद पडलेली जीप टोचन करून आणायची एवढंच तिच्या वाट्याला येतं. ओढायचं काम ट्रॅक्टरचं. हंगामात ऊस, उन्हाळ्यात टँकर.

टँकरचं वेगळं सांगायला हवं, कारण पहिल्यांदा तो जोडणारा हमखास फसतो. पाच हजार लिटरचा टँकर म्हणजे पाच टन पाणी. वीस टनांचा ऊस ओढलेल्या माणसाला ते काहीच वाटत नाही. पण ऊस जागेवर बसून राहतो, पाणी राहत नाही. काठोकाठ भरलेला टँकर शहाणा असतो, अर्धा भरलेला लबाड. ब्रेक दाबला की आतलं पाणी पुढच्या भिंतीवर येऊन आदळतं, परत मागं जातं, पुन्हा येतं. पिन एकदा वाजून गप्प बसत नाही. खट्, खट्, खट्. थांबलो असं वाटल्यावरही गाडी एक पाऊल पुढं जाते. वळणावर तेच पाणी बाहेरच्या अंगाला झोपतं. आत आडव्या पट्ट्या असतील तर लाट मोडते, पण गावात बनवलेल्या कितीतरी टँकरांत त्या नसतात, कारण वेल्डिंगवाल्याला वरचं झाकण आणि खालचा कॉक एवढंच सांगितलेलं असतं. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, ते सगळ्यांच्या लक्षात आहे. त्या उन्हाळ्यात वाड्यावस्त्यांवर अर्धे-पाऊण टँकर हिंदकळत किती ट्रॅक्टर फिरले असतील आणि त्यांच्या पिनांना किती कंबर आली असेल, हे कुणाच्या लक्षात राहावं?

उसाकडं परत. ट्रॉली भरताना मालक बहुधा मुकादमाशी बोलत उभा असतो आणि भरणारे आपल्या सवयीनं भरत असतात. फळी लावलेली, डोक्यावर मोळी, बाया आणि गडी एकामागं एक चढतात. पाचटाची धूळ, उसाच्या रसाचा आंबूस गोड वास, अंधार पडला तर ट्रॅक्टरच्याच दिव्याचा उजेड. त्या फळीवरून चढणाऱ्या माणसाच्या पोटऱ्या बघितल्या की वजन या शब्दाचा अर्थ टनांत राहत नाही. भरायच्या आधी तळाला वायररोप किंवा साखळ्या नीट अंथरलेल्या हव्यात. कारखान्यात ऊस टाकायच्या गव्हाणीपाशी क्रेन त्यालाच धरून अख्खी ट्रॉली रिकामी करते, आणि एक जरी दोर मोळ्यांखाली आडवातिडवा दबला तर तिथं तासभर शिव्या खाव्या लागतात. दोनचाकी ट्रॉलीत एक्सलच्या पुढं थोडं जास्त भरायचं, म्हणजे दांडी हुकावर दाबून बसते. मागं जास्त झालं की दांडी वर उचलायला बघते, ट्रॅक्टरची मागची चाकं हलकी होतात, आणि रस्त्यावर वेग घेतला की ट्रॉली शेपटी हलवायला लागते. दोन्हींत कमी-जास्त भरायचंच असेल तर जड ट्रॉली पुढं आणि हलकी मागं. उलटं केलं तर मागची पुढच्या ट्रॉलीला हाकते. हे सांगितलं की भरणारे मान डोलावतात आणि जी ट्रॉली सावलीत असेल ती आधी भरतात. त्यांचंही चुकत नाही. उचल घेऊन बीडच्या डोंगरपट्ट्यातून आलेल्या माणसाच्या हिशोबात एक्सल कुठं बसतो?

रानातून काढायचं तर एकेक ट्रॉली. दोन्ही जोडून काळ्या रानातून निघायचा हट्ट म्हणजे क्लचप्लेटीचे पैसे आगाऊ देणं. ओलसर काळी माती डांबरापेक्षा कित्येक पटीनं जास्त ओढते, आणि टायरच्या खाचा मातीनं भरल्या की टायर नुसता गुळगुळीत रूळ होऊन फिरतो. मागची दोन्ही चाकं एकत्र बांधणारा डिफ लॉक दाबायचा तो सरळ जाताना. वळायच्या आधी सोडायचा, नाहीतर दोन्ही चाकं एकाच वेगानं फिरत राहतात आणि ट्रॅक्टर वळतच नाही, पुढची चाकं नुसती घासत जातात. घसरतंय म्हणून रेस वाढवणं ही सगळ्यांची पहिली चूक. चाक खड्डा करतं, मग ट्रॉलीचा एक्सल मातीत बसतो, मग दुसरा ट्रॅक्टर पुढं लावावा लागतो. पहिला गिअर, रेस बेताची, क्लच एकदा सोडला की पुन्हा पाय ठेवायचा नाही. रोडवर आल्यावर दुसरी ट्रॉली जोडायची. पिन वरून खाली घालायची, खाली क्लिप. क्लिप हरवली म्हणून तार गुंडाळतात आणि पिन हरवली म्हणून बोल्ट घालतात. बोल्टाचे आटे म्हणजे आधीच पाडून ठेवलेल्या चिरा, तो कधी तुटेल ते तोही सांगू शकत नाही. पिनेच्या जोडीला एक जाड साखळी हूक आणि दांडी यांना बांधलेली असावी. पिन तुटली तरी ट्रॉली रस्त्यावर मोकाट सुटत नाही.

नवा ट्रॅक्टर घेताना दोन वचनं दिली जातात. एक कंपनीच्या पुस्तकाला: पहिले पन्नास तास हलकं काम. दुसरं कारखान्याच्या कराराला: हंगामाची पहिली मोळी टाकली की गाडी हजर. त्यातलं कुठलं पाळलं जातं, हे सहामाही हप्ता भरणाऱ्याला विचारू नये. निदान पन्नास तासांची सर्व्हिसिंग तरी त्या तासांनाच व्हावी. नव्या इंजिनाचा बारीक लोखंडी कीस त्याच ऑइलात उतरलेला असतो. चाकांचे नट तर त्याच्याही आधी, पहिल्या खेपेनंतरच, पान्यानं आवळून बघावेत. नवे नट बसताना सैल पडतात. क्लचच्या पायडलला इंचभर मोकळी चाल राहिली आहे का, तेही हातानं दाबून कळतं. आणि उसाच्या रस्त्यावरचा खास रोग म्हणजे पुढच्या जाळीत अडकलेलं पाचट. तापमानाचा काटा सरकतो, पाणी गरम होतं, मालक रेडिएटरमधे पाणी ओततो आणि जाळीकडं बघतच नाही. हवा आतून बाहेर मारायची. बाहेरून मारली तर पाचट अजून आत जाऊन बसतं.

चढ सगळ्यांना कळतो, कारण इंजिन ओरडतं. उतार गप्प असतो.

बालाघाटाच्या कडेचे रस्ते अंगावर येणारे नाहीत. मांजरसुंब्याचा घाट सोडला तर बहुतेक उतार नदीकडं जाणारे, लांबट, डोळ्याला फसवणारे. तिथं डिझेल वाचतं म्हणून न्यूट्रल करणारे अजून आहेत. थांबवायचं काम करायला ट्रॅक्टरची मागची दोन चाकं असतात. पुढं ब्रेक नाही, ट्रॉल्यांना तर बहुधा नाहीच. त्या दोन चाकांनी पंचवीस टन धरायचे. पंधराच्या वेगाचा पंचवीस केला तर थांबवताना ब्रेकवर पावणेतीनपट काम पडतं, थोडं जास्त नाही. म्हणून उतार लागायच्या आधी, वरच, गिअर खाली घ्यायचा. उतारात मधेच क्लच दाबून गिअर शोधायला गेलं आणि तो बसला नाही तर ट्रॅक्टर मोकळा आणि मागचं सगळं वजन त्याच्या पाठीवर. ब्रेकच्या दोन पायडलांची पट्टी रानात वळायला सोयीची म्हणून उघडतात आणि रोडवर आल्यावर लावायची विसरतात. मग गडबडीत पाय एकाच पायडलवर पडतो, एकच चाक अडतं, ट्रॅक्टर त्या बाजूला वळतो, आणि मागचं वजन सरळ येतच असतं. दांडी कात्रीसारखी मिटते. मागून ढकलणाऱ्याला पुढचा वळला आहे हे कळायला मार्ग नसतो.

जाणते ड्रायव्हर उतारावर फार ब्रेक दाबत नाहीत. उताराच्या तोंडाशी एकदा दोन्ही पिना मागच्या काठाला बसू देतात, आणि मग खालपर्यंत त्या तिथंच राहाव्यात एवढंच बघतात. रेस बंद, गिअर खालचा, इंजिन घुमत असतं आणि वजन त्याच्यावर टेकून चालत असतं. वर एक खट्, मागून एक खट्, नंतर काही नाही. पिना सारख्या वाजत असतील तर ड्रायव्हर ब्रेक आणि रेस यांच्यात नाचतो आहे. गाणं लावलेलं असलं की हे कळत नाही. मोठ्या आवाजाच्या स्पीकरवर माझा राग आहे तो गाण्यापायी नाही.

राग अजून एका गोष्टीचा आहे. पंक्चर झालेली ट्रॉली रस्त्याच्या कडेला उभी असते, चाकांना दगड लावलेले. टायर बदलतो, ट्रॉली निघून जाते.

दगड तिथंच राहतात.

रात्री त्या दगडावर मोटारसायकल चढते. मागच्या ट्रॉलीला लाल दिवा नसतो, कारण तिच्यापर्यंत जाणारी वायर दांडीला घासून तुटलेली असते. कारखाने हंगामाच्या तोंडाला रिफ्लेक्टरचं कापड वाटतात, तेही उसाच्या शेंड्यांखाली झाकून जातं. हे शेंडे, म्हणजे वाढं, खाली लोंबतं आणि नेमकं त्या कापडावर येतं. निघायच्या आधी मागं जाऊन वाढं बाजूला करायला अर्धं मिनिट लागतं. उलटं घ्यायची वेळ आली तर मात्र अर्ध्या मिनिटात काही होत नाही. एक ट्रॉली स्टिअरिंग विरुद्ध फिरवून मागं नेता येते. दोन्ही एकदम मागं नेणारा माणूस असेलही, त्याच्या भरवशावर रस्ता चुकू नये.

टपरीवर त्या संध्याकाळी मामांनी नव्या मालकाला यातलं काहीच सांगितलं नाही. भोक जुनं आहे एवढंच सांगितलं, आणि कारखान्यावर खाली झाल्यावर केजात दांडीचं डोळं बदलून घे म्हणाले. पोरानं मान डोलावली. पैसे देऊन वर चढला, स्टार्टर मारला. क्लच जरा हिसक्यानं सुटला, पहिली ट्रॉली दचकली, मग दुसरी. चाकाखालचा दगड मामांनी पायानं ढकलला नाही, दोन्ही हातांनी उचलून टपरीच्या भिंतीशी नेऊन ठेवला. पुढं पुलाकडं उतार आहे. दिवे त्या उताराच्या तोंडाशी गेले आणि इंजिनचा आवाज बदलला, म्हणजे गिअर खाली घेतला असावा. गाणं अजून लागलेलं नव्हतं. खट् ऐकू आलं. तेवढ्यात एक टेम्पो हॉर्न वाजवत टपरीवरून गेला. मामा रस्त्याकडं कान करून उभे होते.

"दुसरी वाजली का?" त्यांनी विचारलं.

टपरीवर कुणीच ऐकलं नव्हतं.